ब्रह्मदेवाचा दिवस, मुंबई-पुण्याच्या रुळांवर

सत्यनारायण असो, वास्तुशांत असो की नव्या दुकानाची पूजा, गुरुजी आधी यजमानाच्या तळहातावर पळीनं पाणी घालतात आणि संकल्प सांगतात. त्यात यजमानाच्या नावागोत्राबरोबर पत्ताही येतो. जागेचा येतो तसाच काळाचा: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं महायुग, कलियुगाचा पहिला चरण. हातातलं पाणी ताम्हनात पडेपर्यंत ४३२ कोटी वर्षांच्या पटावर आपण नेमके कुठं बसलो आहोत, ते सांगून झालेलं असतं!

४३२ कोटी! पुराणांच्या हिशेबात हा ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प. पूर्ण दिवसही नव्हे, फक्त सकाळ ते संध्याकाळ. रात्र तेवढीच लांब, आणि ती अजून मोजलेलीच नाही. आता विज्ञान काय म्हणतं ते ऐका: पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. ४३२ आणि ४५४! अंगावर काटा येतो. दुर्बीण नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, युरेनियमवरून खडकाचं वय काढण्याची रीत नव्हती, मग हा आकडा पोथीत आला कुठून? दिव्यदृष्टीशिवाय हे शक्य आहे का? प्राचीन धर्मग्रंथ हा अलौकिकाचा पुरावा आहे असं म्हणणारी माणसं हाच आकडा सगळ्यात आधी पुढं करतात. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून तो नुसत्या काट्यावर सोडायचा नाही. आकडा हातात घ्यायचा, लांबीरुंदी मोजायची, वजन करायचं. चला तर.

एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरू. सीएसएमटी स्टेशनात रूळ जिथं संपतात तिथं 'आज' अशी खूण करू आणि पुण्याच्या दिशेनं मागच्या काळात निघू. शिवरायांचा जन्म? चाळीस सेंटिमीटरवर, अजून पाऊलही पुरतं पडलेलं नाही. ज्ञानेश्वरी? पाऊण मीटरच्या आतच. कलियुगाची सुरुवात परंपरेनं इसवीसनपूर्व ३१०२ ची मानलेली आहे, ती सव्वापाच मीटरच्या अलीकडं. रेल्वेचा एक डबा वीस मीटरांहून लांब असतो. म्हणजे भारतीय युद्धापासून आजपर्यंतचा सारा इतिहास डब्याच्या पहिल्या दोनचार खिडक्यांत आटोपला!

गाडी सोडा. दादर, ठाणे, कल्याण. बदलापूर यायच्या जरा आधी, ६६ किलोमीटरवर, डायनोसॉर नाहीसे होताना दिसतात. त्याच सुमाराला आपला सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाच्या रूपानं जमिनीतून वर येतो आहे. बदलापूर मागं पडलं की पुढं घाटच नाही, कारण खंडाळ्याचा दगड अजून जन्मलेला नाही! १९२ किलोमीटरवर पुणे. १९ कोटी २० लाख वर्षं झाली आणि अजूनही डायनोसॉरांचंच राज्य चालू आहे. आणि कल्प? ४,३२० किलोमीटर. मुंबई-पुणे अकरा वेळा जाऊन-येऊन करा, बाराव्या खेपेला पुन्हा निघा आणि कर्जतच्या आसपास थांबा, तेव्हा ब्रह्मदेवाचा एक दिवस पुरा होतो.

त्याचं आयुष्य शंभर वर्षांचं. तो आकडा असा: ३१,१०,४०,००,००,००,००० वर्षं. ३ कोटी ११ लाख ४ हजार कोटी! वर्षाला एक मिलिमीटर याच मापानं रूळ टाकले तर ते ३१ कोटी किलोमीटर होतात. सूर्य इथून १५ कोटी किलोमीटर दूर. तिथंपर्यंत जायचं, परत यायचं, आणि आणखी एक कोटी किलोमीटर रूळ उरतात!

आता मूळ प्रश्नाकडं. ४३२ आणि ४५४ मधला फरक २२ कोटी वर्षांचा आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रुळांवर तो २२० किलोमीटर भरतो: मुंबईहून निघून पुणं मागं टाकायचं आणि दौंडच्या वाटेला लागायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की ४३२ कोटी हे पृथ्वीचं वय आहे असं परंपरेनं म्हटलेलंच नाही! कल्प म्हणजे पुऱ्या दिवसाची लांबी, आणि तो दिवस अजून मावळायचा आहे. या कल्पाची किती वर्षं सरली याचं उत्तर तर संकल्पातच दडलेलं आहे. सहा मन्वंतरं गेली, प्रत्येकात ७१ महायुगं, एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं. मधले सात संधिकाळ. सातव्या मन्वंतराची २७ महायुगं. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता आणि द्वापर ही युगं. वर कलियुगाची पाच हजारांहून थोडी जास्त वर्षं. बेरीज करा: १९७ कोटी २९ लाखांच्या वर. पंचांगातही सृष्टीच्या आरंभापासूनची वर्षं याच हिशेबातून येतात. रुळांवर हे अंतर १,९७३ किलोमीटर, आणि पृथ्वी बसली आहे ४,५४० किलोमीटरवर. निम्मीही वाट झालेली नाही. जो आकडा जुळला म्हणून आपण थक्क झालो तो वयाचा नव्हताच, आणि वयाचा जो होता तो जुळत नाही.

मग ४३२ आलं कुठून? इथं मला खरा आनंद होतो, कारण आकड्यावर हाताचे ठसे आहेत. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून दहापट: ४३,२०,०००. त्याची हजारपट कल्प. आणि आता बॅबिलोनला चला. तिथल्या बेरोसस नावाच्या पुरोहितानं इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या देशाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. जलप्रलयापूर्वीच्या दहा राजांची मिळून किती वर्षं दिली आहेत त्यानं? ४,३२,०००! तोच आकडा, शून्यासकट. बॅबिलोनी लोक साठाच्या पटीत मोजत. साठ गुणिले साठ ३,६००, आणि त्याची १२० पट म्हणजे ४,३२,०००. घड्याळातली साठ मिनिटं आणि वर्तुळातले ३६० अंश ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला हा आकडा. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, बारा, काहीही घ्या, निःशेष भाग जातो. मोजणाऱ्यांचा तो लाडका आकडा आहे, आणि मोजणारी माणसं गंगेकाठी होती तशी युफ्रेटिसकाठीही होती.

आर्यभटानं त्याचं काय केलं ते पाहा. इसवीसन ४९९, वय वर्षं २३. त्याला प्रत्येक ग्रहाची गती पूर्णांकात मांडायची होती, अपूर्णांक नकोत. मग असा लांबलचक काळ हवा, की त्यात प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पुऱ्या बसतील. ४३,२०,००० वर्षांचं महायुग त्याला अगदी सोयीचं पडलं. या काळात शनीच्या १,४६,५६४ फेऱ्या. गुरूच्या ३,६४,२२४. चंद्राच्या ५,७७,५३,३३६. आणि दिवस किती? १,५७,७९,१७,५००. भागाकार करा! वर्ष निघतं ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३० सेकंद. ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेल्या आजच्या वर्षाशी फरक किती? ३ मिनिटं २० सेकंद. चहाला उकळी फुटायला लागतात तेवढी! गुरूच्या जवळजवळ बारा वर्षांच्या फेरीत चूक अर्ध्या दिवसाचीही नाही. आणि हा माणूस युगांच्या बाबतीत परंपरेशी सहमतही नव्हता. त्यानं चारही युगं सारख्या लांबीची धरली, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं त्यासाठी त्याला धारेवर धरलं. म्हणजे आपल्याच ज्योतिर्विदांसाठी हे आकडे घासूनपुसून पाहण्याचे, बदलण्याचे, भांडण्याचे होते. ज्याच्यावर भांडता येतं आणि ज्यात दुरुस्ती करता येते, त्याला मी ज्ञान म्हणतो.

आता याच काट्यावर महाभारताचे आकडे ठेवू. चला कुरुक्षेत्रावर. अठरा अक्षौहिणी सैन्य, अकरा कौरवांच्या आणि सात पांडवांच्या. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार, १,०९,३५० पायदळ. अठरांनी गुणा: ३,९३,६६० हत्ती! आज भारतातल्या सगळ्या जंगलांत मिळून रानहत्ती तीस हजारांच्या आत आहेत. त्यांच्या किमान तेरापट हत्ती एका मैदानावर! एकामागं एक उभे करा, प्रत्येकाला सहा मीटर जागा द्या. ओळ होते २,३६२ किलोमीटरची. सोंड मुंबईच्या सीएसएमटीला धरली तर रांग नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटरवरचं हावडा गाठते आणि आणखी जवळजवळ चारशे किलोमीटर पुढं जाते. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात आणि हत्ती ताशी पाच किलोमीटरनं चालले आहेत. शेवटचा हत्ती तुमच्यासमोरून जायला एकोणीस दिवसांहून जास्त लागतात. युद्ध अठराव्या दिवशी संपलं!

एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरा. रोजचे ५९,०४९ टन. चार हजार टनांची एक मालगाडी म्हटली तरी रोज पंधरा मालगाड्या नुसत्या चाऱ्याच्या. किलोला पाच रुपये भाव धरला तर दिवसाचे साडेएकोणतीस कोटी रुपये आणि अठरा दिवसांचे ५३१ कोटी. हत्तीमागं दीडशे लिटर पाणी धरलं तर वीस फूट रुंद आणि तेहतीस फूट खोल अशा तुडुंब भरलेल्या दोनशेहून जास्त विहिरी रोज तळापर्यंत उपसायच्या. यात घोडे आले नाहीत. रथांचे घोडे आले नाहीत. माणसं तर आलेलीच नाहीत.

पण २१,८७० कडं पुन्हा एकदा नीट पाहा. ग्रंथातच सैन्याची घडण दिलेली आहे: एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ म्हणजे पत्ती, तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दर पायरीला तिप्पट. एक, तीन, नऊ, २७, ८१, २४३, ७२९, २,१८७. शेवटी दहापट: २१,८७०. रणांगणावर उभं राहून केलेली ही शिरगणती नव्हे. ही कवीच्या मनातली रचना आहे, सुरेख, तालात बसवलेली. पर्वं अठरा, दिवस अठरा, अक्षौहिणी अठरा. सैन्य खरोखर रस्त्यानं चालत आलं असतं तर कुणाचा हत्ती आजारी पडला असता, कुणाचा रथ वाटेत मोडला असता, आणि आकडा वाकडातिकडा निघाला असता.

त्याच महाभारताच्या स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो की किती मेले. युधिष्ठिर सांगतो: १६६ कोटी २० हजार. शिवाय २४,१६५ बेपत्ता. १६६ कोटी! १९०० साली साऱ्या जगाची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. अठरा दिवसांत इतके, म्हणजे दिवसाला सव्वानऊ कोटी, आणि रात्रंदिवस हत्यार खाली न ठेवता लढले तरी सेकंदाला हजाराच्या वर. मुंबईची खच्चून भरलेली लोकल दर चार-पाच सेकंदांना एक, सतत अठरा दिवस! आणि अठरा अक्षौहिणींची सगळी बेरीज किती होती? ३९,३६,६००. मेलेल्यांचा आकडा लढायला आलेल्यांच्या ४२१ पट! एकाच ग्रंथातले हे दोन आकडे. न्यायालयात एकच साक्षीदार असे दोन आकडे देईल तर त्याची साक्ष टिकेल का? कवीची मात्र टिकते. १६६ कोटी ऐकून छाती दडपावी, युद्ध म्हणजे अख्ख्या पृथ्वीचा संहार आहे हे आतून कळावं, यासाठी तो आकडा आहे, आणि तो आपलं काम आजही चोख करतो.

दुसऱ्या परंपरेतही हेच. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडतो आणि पाणी पर्वतांच्याही वर पंधरा हात चढतं. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. म्हणजे दिवसाला २२१ मीटर पाऊस! २६ जुलै २००५ ला मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि शहर बुडालं. इथं तो सव्वीस जुलै दर सहा मिनिटांना एक, चाळीस दिवस न थांबता. लागणारं पाणी साडेचारशे कोटी घनकिलोमीटर, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या तिपटीहून जास्त. ते आलं कुठून, ओसरून गेलं कुठं?

श्रद्धावान माणूस म्हणेल, अहो, चमत्कार आहे तो, त्याला गणित लावायचंच नसतं. हे म्हणणं मी आदरानं ऐकतो. पण मग ४३२ ला तरी गणित का लावायचं? आकडा जुळला की तो पुरावा, आणि न जुळला की तो गणिताच्या पलीकडचा, असं दोन्हीकडून चालत नाही. वजनकाटा एकच हवा.

साक्षीदारांच्या संख्येचं काय? ग्रंथ शेकडो वर्षं, हजारो हातांनी जपला, यालाच कुणी पुरावा म्हणतं. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १,२५९ हस्तलिखितं जमवली, शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांमधली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं, १९ खंड निघाले. सत्तेचाळीस वर्षं! हे काम कसं चाले ते जवळून पाहण्यासारखं आहे. मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या. वरच्या ओळीत श्लोक, एका घरात एक अक्षर. खाली एकेका पोथीची ओळ, आणि जिथं त्या पोथीचं अक्षर वेगळं तिथंच ते घरात भरायचं. रिकामं घर म्हणजे पाठ सारखा. असं श्लोकामागून श्लोक, पर्वामागून पर्व. विष्णु सीताराम सुखठणकरांच्या नेतृत्वाखाली माणसांनी ही घरं भरली, एकेका काना-मात्रेसाठी डोळे शिणवले. माझ्या लेखी ही पुण्यात घडलेल्या थोर गोष्टींतली एक आहे.

आणि त्या घरांतून काय निघालं? द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळी ती कृष्णाचा धावा करते आणि कृष्ण वस्त्रं पुरवतो, हा प्रसंग आपण कीर्तनात ऐकून रडलेलो आहोत. चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात कृष्णाचा तो धावा नाही. एकामागून एक वस्त्रं निघत राहतात एवढं तिथं राहतं, धावा आणि कृष्ण तळटिपांत जातात. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहून घ्यायचं, ही गोष्टसुद्धा मूळ पाठाबाहेर, परिशिष्टात गेली. घटनेपासून काळ जितका पुढं सरकला तितकी अलौकिकाची भर पडत गेल्याचं या दोन ठिकाणी डोळ्यांना दिसतं. १,२५९ पोथ्या म्हणजे घटनेचे १,२५९ साक्षीदार नव्हेत. एका कथेवर पिढ्यान्‌पिढ्या जीव लावणाऱ्या माणसांचे ते साक्षीदार आहेत, आणि त्या प्रेमाचा याहून भक्कम पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

तेव्हा माझं उत्तर असं: हे ग्रंथ पुरावा आहेत, पण माणसाचा. माणसाचं मोजणं कुठवर जाऊ शकतं याचा. आणि ते कुठवर गेलं हे पाहायचं तर जैन ग्रंथ उघडायला हवेत, कारण तिथं पुराणंही मागं पडतात!

पल्य घ्या. एक योजन रुंद आणि एक योजन खोल अशी विहीर. योजन सुमारे तेरा किलोमीटरचं धरू. म्हणजे पावणेसहाशे कोयना धरणं रिकामी केल्यावर कुठं भरेल एवढी विहीर! ती नवजात कोकराच्या बारीक बारीक केसांनी ठासून भरायची, आणि शंभर वर्षांनी एक केस काढायचा. पुन्हा शंभर वर्षं थांबायचं, दुसरा केस काढायचा. विहीर रिकामी झाली की एक पल्य. केसाचा तुकडा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरून मी गुणाकार केला. आजच्या विज्ञानानं विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं सांगितलं आहे. विहीर उपसायला लागणारा वेळ त्याच्या एक परार्ध पट निघतो, एकावर सतरा शून्यं! आणि असे दहा कोटी गुणिले एक कोटी पल्य झाले की एक सागर.

अजून श्वास धरून ठेवा. अनुयोगद्वार सूत्र हा दीड हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात काळाच्या एककांची शिडी आहे. ८४ लाख वर्षं ही पहिली पायरी. तिला ८४ लाखांनी गुणा, दुसरी. पुन्हा ८४ लाखांनी, तिसरी. अठ्ठाविसाव्या पायरीचं नाव शीर्षप्रहेलिका, आणि ती लिहायला १९४ अंक लागतात! डोळ्यांना, दुर्बिणींना दिसू शकणाऱ्या साऱ्या विश्वात अणू किती? सुमारे एकावर ८० शून्यं, म्हणजे ८१ अंक. त्यातल्या प्रत्येक अणूच्या पोटात आपल्याएवढं आणखी एक विश्व आहे असं समजा आणि त्या सगळ्या विश्वांतले अणू मोजा: १६१ अंक. शीर्षप्रहेलिका अजून पुढंच! त्या प्रत्येक अणूतही पुन्हा एक विश्व घाला, तेव्हा कुठं ती मागं पडते. आणि जैन गणिती तिथंही थांबत नाहीत. मोजता येणाऱ्या संख्यांच्या पलीकडं ते असंख्यात ठेवतात, असंख्यातापलीकडं अनंत, आणि मग त्या दोन्हींचे पोटभेद करून तेही एकापेक्षा एक लहानमोठे असे लावायला बसतात, हातात साधन एकच, गुणाकार!